पूल पॉझिटिव्ह, बाळ ठणठणीत: आता काय करायचं?

पत्र असं आहे:

‘डॉक्टर, माझं बाळ आज 11 दिवसांचं आहे. दिवस पूर्ण भरून जन्मलं, वजन चांगलं, कानांची तपासणीही पास झाली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये त्याच्या तोंडातून कापसाच्या काडीने लाळ घेतली. घरी आल्यावर फोन आला की तुमच्या ग्रुपची टेस्ट पॉझिटिव्ह आहे. कसला ग्रुप, तेच आम्हाला कळेना. विचारल्यावर समजलं की आठ बाळांची लाळ एकत्र करून तपासतात. दोन दिवसांनी परत फोन: तुमच्या बाळाची स्वतंत्र टेस्टही पॉझिटिव्ह आहे, सीएमव्हीसाठी लघवी तपासायला या. मी तेव्हापासून झोपलेले नाही. दुसऱ्या कुणाच्या बाळाचा विषाणू या मिसळामिसळीत आमच्या माथी आला असेल का? सासूबाई म्हणतात, बाळ एवढं गुटगुटीत आहे, कशाला हाल करता, महिनाभराने बघू. माझी जाऊ चार महिन्यांची गरोदर आहे आणि आम्ही एकाच घरात राहतो. तिने बाळाला घ्यायचं की नाही? मी दूध पाजू की नको? आणि गरोदरपणात माझ्याकडून काय चुकलं, हे कुणी सांगेल का?’

ताई, पत्र मिळाल्या मिळाल्या दोन ओळींचं उत्तर तुम्हाला पाठवलं होतं: लघवी उद्याच तपासा, दूध चालू ठेवा. ते मिळालं असेलच. बाकीचं सविस्तर इथे लिहितो, कारण लाळेची ही तपासणी जिथे जिथे सुरू होते तिथे हेच प्रश्न येतात.

आधी सासूबाईंचा मुद्दा, कारण घाई आहे ती तिथेच. महिनाभर थांबू नका. या तपासणीला जन्मापासून 21 दिवसांची मुदत आहे आणि ती कुणी कागदोपत्री सोयीसाठी ठरवलेली नाही. सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस, बाळाला दोन वेळा लागू शकतो: पोटात असताना किंवा जन्मानंतर. दिवस भरलेल्या बाळाला जन्मानंतर, बहुतेक वेळा आईच्या दुधातून, लागला तर काही बिघडत नाही. पोटात असताना लागला तर मात्र पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं. जन्मानंतर शिरलेला विषाणू लघवीत उतरायला काही आठवडे घेतो. म्हणून पहिल्या 21 दिवसांत लघवीत तो सापडला, तर तो पोटातूनच आला असं म्हणता येतं. महिन्याने सापडला तर कधी लागला हे लघवी सांगू शकत नाही. मग ‘असेलही, नसेलही’ हे ओझं घेऊन तुम्ही वर्षानुवर्षं फिराल. सासूबाईंना एवढंच सांगा की बाळ गुटगुटीत आहे हे मान्य, पण या आजाराची बहुतेक बाळं जन्मतः गुटगुटीतच दिसतात.

आता मिसळामिसळीबद्दल. ‘ग्रुप पॉझिटिव्ह’ असं सांगणारा तो पहिला फोन मुळात यायलाच नको होता, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या टप्प्यावर आठांपैकी सात घरं विनाकारण घाबरतात. प्रत्येक बाळाचा स्वतंत्र निकाल हातात आल्यावरच पालकांना कळवावं. असो, झालं ते झालं. पण शंका तुमची रास्त आहे, तेव्हा प्रयोगशाळेत नेमकं काय होतं ते बघू.

गाल आणि हिरडी यांच्यामध्ये फिरवलेली ती काडी प्रत्येक बाळाच्या स्वतःच्या नळीत, थोड्याशा द्रवात बुडवतात. नळीवर त्या बाळाचा बारकोड असतो. अशा आठ नळ्यांमधून प्रत्येकी थोडासा द्रव नवीन टोकाच्या पिपेटने उचलून एका नवव्या नळीत सोडतात. हाच तो पूल, म्हणजे एकत्र केलेला नमुना. पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकांश शोधणारी तपासणी, आधी फक्त या नवव्या नळीची होते. ती निगेटिव्ह आली तर आठही बाळं निगेटिव्ह. पॉझिटिव्ह आली तर आठ मूळ नळ्या, ज्यांत अजून पुरेसा नमुना उरलेला असतो, एकेक करून तपासतात. म्हणजे द्रव जातो तो मूळ नळीतून पूलमध्ये, पूलमधून मूळ नळीत काहीच परत येत नाही. तुमच्या बाळाचा दुसरा निकाल त्याच्या स्वतःच्या नळीचा आहे. शेजारच्या बाळाचा विषाणू तुमच्या माथी आलेला नाही.

शितावरून भाताची परीक्षा करावी तसा हा प्रकार वाटतो, पण आहे त्याच्या अगदी उलटा. इथे एक शीत उचलून बाकीच्यांबद्दल अंदाज बांधत नाहीत. प्रत्येक बाळाचा अंश त्या नळीत असतो.

मग प्रत्येकाची सरळ वेगवेगळी तपासणी का नाही? हिशेब करून बघा. साधारण 200 नवजात बाळांमागे एकाला हा संसर्ग असतो. काही ठिकाणी प्रमाण कमी, काही ठिकाणी जास्त. समजा 800 बाळं जन्मली आणि त्यांतल्या 4 जणांना संसर्ग आहे. एकेक तपासायची तर 800 तपासण्या. आठ-आठांचे पूल केले तर 100 पूल होतात. त्यांतले जास्तीत जास्त 4 पॉझिटिव्ह येतील आणि त्या चारांमधल्या 32 बाळांच्या नळ्या सुट्या तपासाव्या लागतील. एकूण 132. काम सहाव्या हिश्श्यावर आलं, आणि एकही बाळ तपासणीतून सुटलं नाही. आजार दुर्मीळ असतो तेव्हाच हे गणित जमतं. दर शंभरात दहा-पंधरा बाळांना संसर्ग असता, तर बरेचसे पूल पॉझिटिव्ह आले असते आणि बचत फारशी उरली नसती.

ही युक्ती जुनी आहे. रॉबर्ट डॉर्फमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1943 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत, सैन्यात भरती होणाऱ्या तरुणांच्या रक्तात सिफिलिस शोधण्यासाठी ती मांडली होती. रक्तपेढ्यांनी ती पुढे वापरली, आणि कोविडच्या काळात तर जगभरच्या प्रयोगशाळांचा हात तिच्यावर बसला. नवजात बाळांच्या लाळेसाठी तिचा मोठा वापर जेरुसलेममध्ये हदासा या वैद्यकीय केंद्राच्या दोन रुग्णालयांत झाला. 2022 ते 2023 या काळात 13 महिन्यांत 15,000 हून अधिक बाळांची लाळ आठ-आठांच्या पूलमध्ये तपासली गेली आणि त्याचा अहवाल 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. दर हजारी तीन ते चार बाळांमध्ये संसर्ग सापडला आणि सुमारे 83 टक्के तपासण्या वाचल्या. वर केलेला कागदावरचा हिशेब प्रत्यक्षातही जवळजवळ तसाच उतरला.

आठपट पातळ केल्यावर विषाणू निसटत नाही का, असं कुणीही विचारेल. पीसीआरमध्ये दर फेरीला विषाणूचा जनुकांश दुप्पट होतो, त्यामुळे आठपट पातळ करणं म्हणजे यंत्राने तीन फेऱ्या जास्त फिरणं. पोटातून संसर्ग घेऊन आलेल्या बाळाच्या लाळेत विषाणू सहसा इतका भरपूर असतो की तीन फेऱ्यांनी फरक पडत नाही. अगदी कमी विषाणू असलेलं एखादं बाळ निसटू शकतं, ही किंमत आहेच. पण तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही, कारण तुमच्या बाळाची नळी पॉझिटिव्ह आली आहे.

तरीही लघवी का? कारण लाळेची एक खोड आहे: तोंडात दूध असतं. पूर्वी कधीतरी सीएमव्ही होऊन गेलेल्या आईच्या दुधात हा विषाणू उतरतो. बाळ नुकतंच प्यालं असेल आणि लगेच काडी फिरवली, तर दुधातला विषाणू काडीवर येतो आणि निकाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून पाजल्यानंतर निदान एक तास थांबून नमुना घ्यायचा असा नियम आहे. वॉर्डात तो नेहमी पाळला जातो असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. परिचारिका ट्रे घेऊन येते तेव्हा बाळ आईच्या छातीशी असतं, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब असतो, आणि तिला अजून बारा बाळं उरकायची असतात. तुमच्या बाळाची लाळ घेण्याआधी तुम्ही कधी पाजलं होतं, आठवतं का? आठवत नसेल तरी हरकत नाही. लघवी दुधाने खराब होत नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिचाच.

लघवी घेणं हा मात्र संयमाचा खेळ आहे, मनाची तयारी ठेवून जा. चिकटणारी छोटी पिशवी लावतात. त्वचा पाण्याने पुसून पूर्ण कोरडी झाली नसेल तर पिशवी सुटते, आणि ती सुटली की नेमकं त्याच क्षणी बाळ मोकळं होतं. जाताना दुपटी जास्त न्या, पिशवी लावून झाल्यावर पाजा, आणि मग वाट बघा. काही ठिकाणी पिशवीऐवजी डायपरमध्ये स्वच्छ कापूस ठेवून त्यातून लघवी पिळून घेतात. त्या तपासणीला ते चालतं. टोचाटोची कुठेच नाही, तेव्हा ‘बाळाचे हाल’ हा शब्द इथे लागू नाही.

लघवी निगेटिव्ह आली, तर विषय संपला. लाळेतला विषाणू दुधाचा होता असं समजायचं आणि फाईल बंद करायची.

पॉझिटिव्ह आली तर? तर बाळाची नीट पाहणी होईल. डोक्याचा घेर मोजतील, यकृत आणि प्लीहा वाढले आहेत का ते पोटावर हात ठेवून बघतील, त्वचेवर बारीक लाल-जांभळे ठिपके किंवा कावीळ आहे का ते पाहतील. रक्तात प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या, टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, आणि कानांसाठी बेरा, म्हणजे आवाजाला मेंदू प्रतिसाद देतो का ते मोजणारी तपासणी. बहुतेक हॉस्पिटलांत जन्मतः कानाची जी झटपट तपासणी होते, ती अनेकदा फक्त आतल्या कानाचा प्रतिध्वनी तपासते. तेवढ्यावर इथे भागत नाही.

आकडे सांगतो, कारण न सांगितलेले आकडे रात्री जास्त मोठे वाटतात. संसर्ग असलेल्या दहा बाळांपैकी साधारण नऊ जन्मतः अगदी ठणठणीत दिसतात. या ठणठणीत गटातल्या बहुसंख्य मुलांना पुढे काहीही होत नाही. पण त्यांतल्या 10 ते 15 टक्के मुलांना ऐकण्याचा त्रास होतो, आणि तो जन्मतः असेलच असं नाही. कधी सहा महिन्यांनी, कधी दोन-तीन वर्षांनी, कधी एका कानात, कधी हळूहळू वाढत जाणारा. आनुवंशिक कारणं सोडली तर मुलांमधल्या मज्जातंतूंच्या बहिरेपणाचं सर्वांत मोठं कारण हा विषाणू आहे.

आणि म्हणूनच ‘कानांची तपासणी पास झाली’ या वाक्याने तुमची सुटका होत नाही. बऱ्याच ठिकाणी आजवर जी पद्धत होती त्यात कानाच्या तपासणीत नापास झालेल्या किंवा लक्षणं दिसणाऱ्या बाळांचीच सीएमव्हीसाठी तपासणी व्हायची. जेरुसलेमच्या त्या कामात सापडलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक बाळं या जुन्या चाळणीतून खाली पडली असती. ती कुणाच्या लक्षातच आली नसती. मग तीन वर्षांचं मूल हाक मारल्यावर बघत नाही, शिक्षिका म्हणतात हट्टी आहे, घरचे म्हणतात याचे काका उशिराच बोलले, आणि बोलणं शिकण्याचा मोलाचा काळ हातातून जातो.

सरसकट तपासणीच्या विरोधातही एक म्हणणं आहे आणि ते मला पोकळ वाटत नाही. ज्या नऊ जणांपैकी बहुतेकांना काहीच होणार नाही, त्यांच्या आईबापांना वर्षानुवर्षं धास्ती कशाला? तुमच्या पत्रातली ‘झोपलेले नाही’ ही ओळ त्याचाच पुरावा आहे. तरी माझं वजन तपासणीच्या बाजूला पडतं. धास्ती कमी करायला उपाय आहे, नीट बोलणं आणि ठरलेल्या तारखा. उशिरा कळलेल्या बहिरेपणाला तसा उपाय नाही. कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांताने 2019 मध्ये सगळ्या नवजातांची तपासणी सुरू केली, अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 2023 मध्ये. दोन्हीकडे टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताचा थेंब वापरतात, कारण तो इतर आजारांसाठी घेतलेलाच असतो. पण वाळलेल्या रक्तात विषाणू कमी असतो आणि बरीच बाळं निसटतात. लाळ त्या मानाने खूप भरवशाची. अडचण होती ती एकेक लाळ तपासण्याच्या खर्चाची आणि कामाच्या बोजाची. ज्या ‘मिसळामिसळी’चा तुम्हाला राग आला, तिच्यामुळेच ही अडचण सुटते. ती नसती तर तुमच्या हॉस्पिटलने कानात पास झालेल्या तुमच्या बाळाची लाळ बहुधा घेतलीच नसती.

औषधाबद्दल थोडक्यात. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर नावाचं पातळ औषध तोंडाने देता येतं. लक्षणं असलेल्या बाळांना ते सहसा आयुष्याच्या पहिल्या महिन्यात सुरू करून सहा महिने देतात. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा आठवड्यांऐवजी सहा महिने औषध घेतलेल्या मुलांचं ऐकणं आणि भाषेचा विकास दोन वर्षांच्या वयात काहीसा बरा दिसला. ‘काहीसा’ हा शब्द लक्षात ठेवा, ही जादूची कांडी नाही. त्याने पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून वारंवार रक्त तपासावं लागतं. एकही लक्षण नसलेल्या, कान-डोळे-मेंदू ठीक असलेल्या बाळाला ते सरसकट देत नाहीत. तेव्हा कुणी फोनवर ‘औषध आणा’ म्हणालं तर आधी वरच्या सगळ्या तपासण्या होऊ द्या. उलट लक्षणं सापडली तर मात्र दिवस घालवू नका. महिनाभर न थांबण्याचं हे दुसरं कारण.

दूध पाजा. बाळ दिवस भरलेलं आहे, पोटातूनच विषाणू आला असेल तर दुधाने त्यात भर पडत नाही, आणि नसेल आला तरी दुधातल्या विषाणूने पूर्ण दिवसांच्या बाळाला त्रास होत नाही. लघवीला जातानाही पाजतच जा.

जाऊबाईंनी बाळाला घ्यायला हरकत नाही, मांडीवर घ्यावं, खेळवावं. हा विषाणू हवेतून पसरत नाही. तो लाळेतून आणि लघवीतून जातो, म्हणून त्यांनी डायपर बदलला, लाळ पुसली किंवा दूध ओकलेलं साफ केलं तर साबणाने हात नीट धुवावेत. बाळाचा पापा कपाळावर घ्यावा, ओठांवर नको. पुढे बाळ वरचं खायला लागेल तेव्हा त्याच्या चमच्याने, त्याच्या ताटलीतलं उरलेलं त्यांनी खाऊ नये. खरं तर कोणत्याही गरोदर बाईने कोणत्याही लहान मुलाच्या बाबतीत एवढं पाळावं. रांगती-चालती निरोगी मुलं महिनोनमहिने हा विषाणू लाळेतून टाकत असतात आणि त्यांच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं. तुमचं बाळ तपासलं गेलं म्हणून त्याचं नाव कळलं, इतकाच फरक. त्याला वेगळ्या खोलीत ठेवणं, त्याची भांडी वेगळी उकळणं, शेजाऱ्यांना सांगत सुटणं, यांतलं काहीही नको.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या टोकाला लिहिला पण बहुधा मनात पहिला होता. तुमच्याकडून काहीही चुकलेलं नाही. हा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांना कधी ना कधी होऊन गेलेला असतो, बहुतेकांना साधी सर्दीही न होता. एकदा शिरला की तो शरीरात निपचित पडून राहतो आणि गरोदरपणात पुन्हा जागा होऊ शकतो. कधी त्याच विषाणूचा वेगळा वाण नव्याने लागतो. म्हणजे ज्या बाईला तो लहानपणीच होऊन गेला आहे तिच्याही बाळापर्यंत तो पोहोचू शकतो. तुम्ही काय खाल्लं, कुठे गेलात, किती काम केलंत, याचा इथे संबंध नाही. हे घरात कुणी विचारलंच, तर हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवा.

ज्या वाचकांचं बाळ 21 दिवसांच्या पुढे गेलं आहे आणि ज्यांना आता शंका आली आहे, त्यांच्यासाठी एक वाट उरते. जन्मानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताचा टिपकागद हॉस्पिटलने किंवा प्रयोगशाळेने जपून ठेवला असेल, तर त्यावर सीएमव्हीची पीसीआर करता येते. तो पॉझिटिव्ह आला तर संसर्ग पोटातलाच. निगेटिव्ह आला तर मात्र खात्री देता येत नाही, कारण वर सांगितलं तसं वाळलेल्या रक्तातून बरंच निसटतं.

ताई, लघवीचा निकाल पॉझिटिव्ह आला तर डिस्चार्जच्या फाईलवर पहिल्या पानाला मोठ्या अक्षरात लिहून घ्या: जन्मजात सीएमव्ही, कानांची तपासणी पुन्हा केव्हा. साधारणपणे पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी, तीन वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षातून एकदा. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी ते पान सोबत न्या. आणि निकाल काहीही आला तरी मला दोन ओळी कळवा.